धान ठेवणार कोण?

मुंबईहून कोलकात्याकडे जाणारा महामार्ग साकोली सोडून पूर्वेला निघाला की थोड्याच वेळात सौंदड लागतं. गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातलं हे गाव. उत्तरेला नागझिऱ्याचं जंगल, दक्षिणेला नवेगावचं. गावाला महामार्ग आहे आणि गोंदिया-बल्लारशा लाइनवरचं स्टेशनही आहे. नागपूर सव्वाशे किलोमीटरच्या आत. माल बाहेर काढायला वाट नाही म्हणून इथला शेतकरी मागे राहिला, असं कुणी म्हणू शकणार नाही. दिवाळीनंतर धानाने भरलेले ट्रॅक्टर आणि ट्रक याच रस्त्याने खरेदी केंद्राकडे, मिलकडे जातात. कुणाच्या बांधीत युरिया पडला आणि कुणी शेणखतावर भागवलं, हे त्या पोत्यांवरून कळायची काही सोय नसते. सगळं एकाच भावात आणि एकाच बारदान्यात.

सेंद्रिय शेतीवर मराठीत जे लिहिलं जातं ते बहुतेक शेताबद्दल असतं. जीवामृत, दशपर्णी अर्क, गांडूळखत, देशी गाय. त्यानंतर क्रमांक लागतो प्रमाणपत्राचा. दोन्हींवर पुस्तिका आहेत, शिबिरं आहेत, अनुदानं आहेत. सेंद्रिय मालाचा धंदा उभा राहून वाढायला लागतो तेव्हा सचोटी नेमकी कुठे निसटते, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. ती शेतात निसटते असं मला वाटत नाही. जमीन तीन वर्षं रसायनाशिवाय कसणारा माणूस चौथ्या वर्षी गंमत म्हणून फवारणी करत नाही. घोळ होतो तो कापणीनंतर, नोव्हेंबरपासून पुढच्या पावसापर्यंतच्या सात-आठ महिन्यांत. तेवढे महिने धान कुणाच्या गोदामात आहे, कुणाच्या मिलमध्ये सडलं जातंय आणि त्याचा चुकारा कुणी, कधी दिला, यावर पाकिटावरचा शब्द खरा की खोटा ते ठरतं.

आधी कायद्याचं थोडक्यात. 'सेंद्रिय' म्हणून माल विकायचे भारतात दोन अधिकृत मार्ग आहेत. पहिला, 2001 पासून चालत आलेला राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम. यात अपेडाच्या, म्हणजे केंद्राच्या शेतमाल निर्यात प्राधिकरणाच्या, देखरेखीखाली त्रयस्थ संस्था तपासणी करते. निर्यातीला हाच लागतो आणि खर्चही याचाच जास्त. दुसरा पीजीएस, म्हणजे सहभागी हमी पद्धत. कृषी मंत्रालयाच्या पीजीएस-इंडियात किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. रूपांतराच्या काळातल्या मालाला हिरवा शिक्का मिळतो, पुढे सेंद्रियचा. त्याचं एक प्रादेशिक केंद्र नागपुरातच आहे. या दोन्हींवर 2018 च्या जुलैपासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे सेंद्रिय अन्नाचे नियम आणि 'जैविक भारत'चं चिन्ह आलं. त्यात एक सवलत आहे: वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेला लहान उत्पादक किंवा उत्पादक संस्था थेट ग्राहकाला विकत असेल, तर प्रमाणपत्राशिवाय चालतं. चिन्ह तेवढं वापरता येत नाही.

12 लाख ऐकायला बरे वाटतात. पण हिशेब करून पाहा. तांदूळ 80 रुपये किलोने विकला तर 12 लाखांत 15,000 किलो बसतात. सरकारी भरडाईचा उतारा अरवा तांदळाला क्विंटलमागे 67 किलो धरतात. विनापॉलिशचा थोडा जास्त पडेल, कणी वेगळी काढली तर कमी, पण ढोबळ मानाने 67 धरू. म्हणजे लागणारं धान सुमारे 224 क्विंटल. सेंद्रियचा एकरी उतारा 12 क्विंटल धरला तर एकोणीसेक एकर. लहान धंद्यासाठी ठेवलेली सवलत एका वस्तीतल्या पाच-सात शेतकऱ्यांतच संपली. विसाव्या एकराला प्रमाणपत्र हवं. म्हणजे 'आधी धंदा वाढू दे, मग कागद करू' हा सौंदडसारख्या गावातला पर्यायच नव्हे. आणि कागदाला वेळ लागतो. त्रयस्थ पद्धतीत हंगामी पिकांना रूपांतराची दोन वर्षं धरतात. त्या दोन वर्षांत उतारा घटतो आणि भाव मात्र शेजाऱ्याइतकाच मिळतो. 2015 साली आलेली परंपरागत कृषी विकास योजना गटाला तीन वर्षं हात देते. तीन वर्षांनी माल खऱ्या अर्थाने विकायला तयार होतो, नेमकी तेव्हाच योजना संपते.

आता शेताकडे. धानाच्या शेतीत एक अडचण आहे, जी संत्र्याच्या बागेत किंवा कापसाच्या वावरात एवढी नसते. इथलं पाणी बांधीतून बांधीत उतरतं. वरच्या बांधीवाल्याने तुडतुड्यासाठी फवारणी केली किंवा खत टाकलं की धुरा फुटून म्हणा, मोरीतून म्हणा, ते खालच्याच्या बांधीत येतं. मधल्याच दोन एकरांत सेंद्रिय करणाऱ्याने स्वतःचे धुरे कितीही उंच घातले तरी पाणी त्याचं ऐकत नाही. त्यामुळे एकट्यादुकट्या आदर्श शेतकऱ्याची कथा धानाच्या मुलखात टिकत नाही. इथे गट करायचा तो माणसांच्या यादीवरून करून भागत नाही, पाण्याच्या वाटेवरून करावा लागतो.

आणि पाण्याची वाट इथे पूर्वीच आखून ठेवलेली आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत. लोक त्यांना मामा तलावच म्हणतात. कोहळी समाजाने तलाव बांधण्याचं केलेलं काम नवेगावबांधला गेलेल्या कुणालाही दिसतं. एका तलावाखालची ओलिताची सगळी जमीन, वरच्या बांधीपासून शेवटच्या बांधीपर्यंत, हा सेंद्रिय गटाचा नैसर्गिक आकार आहे. योजनांच्या कागदांवर गट हेक्टरांत मोजला जातो, आणि एका तलावाखालची अर्धी जमीन आत, अर्धी बाहेर राहून जाते.

तलावाचा विषय निघालाच आहे तर शेजारच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढीवर समाजाने केलेलं काम सांगायला हवं. तिथल्या काही तलावांत बेशरमची झुडपं माजली होती, गाळ साचला होता, देशी मासे कमी झाले होते. लोकांनी बेशरम उपटली, तळात मासळीला अंडी घालायला आणि खायला लागणाऱ्या पाणवनस्पती शोधून आणून लावल्या, आणि मासळी वाढू लागली. बायका यात पुढे होत्या. हे काम कुणी सेंद्रिय अन्नाच्या खात्यात मांडत नाही. पण ज्या तलावाच्या पाण्यावर धान पिकतं त्यातच मासळी वाढते, आणि बांधीतलं औषध उतरतं ते शेवटी कुठल्या ना कुठल्या तलावात. उद्या सौंदडच्या परिसरातून सेंद्रिय तांदूळ निघाला, तर त्याच तलावातली मासळी धरणाऱ्याला त्या व्यवहारात जागा आहे की नाही, हा प्रश्न धंद्याच्या सुरुवातीलाच विचारावा असा आहे.

बियाण्याची गोष्ट विदर्भात दादाजी खोब्रागडे यांच्यावाचून पुरी होत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचा हा अल्पभूधारक शेतकरी. दुसऱ्या वाणाच्या शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या त्यांनी निवडल्या, वाढवल्या, आणि त्या काळी मनगटावर मिरवायच्या घड्याळाचं नाव त्या धानाला मिळालं: एचएमटी. 1994 साली अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून पाच किलो बियाणं नेलं आणि 1998 मध्ये पीकेव्ही एचएमटी या नावाने वाण बाहेर आला. तो तांदूळ देशभर विकला गेला, व्यापाऱ्यांनी कमावलं. दादाजींना सन्मान मिळाले, पैसा नाही. 3 जून 2018 रोजी ते गेले. मूल्यांची भाषा करणाऱ्या कुठल्याही तांदूळ कंपनीने पहिल्या बैठकीत या माणसाचं नाव काढावं आणि विचारावं: आपल्या वाणाचं बियाणं कुणाचं, आणि त्याला काय मिळणार?

सेंद्रियसाठी जुने उंच वाण सोयीचे असतात हेही खरं. चिन्नोर, लुचई, हिरानक्की यांसारख्या धानांना युरिया जास्त झाला की ती लोळतात, शेणखतावर ती बरी उभी राहतात. बालाघाटच्या चिन्नोरला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, भंडाऱ्याच्या चिन्नोरलाही मिळालं. म्हणजे सौंदडच्या दोन्ही अंगांना नाव मिळालेला सुगंधी तांदूळ आहे. पण चिन्नोर भारी धान, उशिरा येतं आणि उतारा कमी देतं. चिन्नोरच्या नावाखाली दुसराच बारीक तांदूळ खपवण्याचा मोह त्यातूनच होतो, आणि तो मोह शेतात होत नाही, पोती भरताना होतो.

शेतातल्या आणखी दोन गोष्टी पटकन. हार्वेस्टर आला आणि बैल गेले. बैलांबरोबर शेण गेलं. शेणखत विकत आणून सेंद्रिय करायचं तर हिशेब बिघडतो. शिवाय हार्वेस्टर शेजारच्या वावरातून थेट येतो तेव्हा त्याच्या पोटात शेजाऱ्याचं धान उरलेलं असतं. दुसरं, निंदण. रासायनिक शेतीत तणनाशकाने बायकांचे निंदणाचे दिवस कमी केले, सेंद्रियमध्ये ते परत येतात. तांदळाला शहरात दीडपट भाव मिळाला आणि निंदणाची मजुरी होती तेवढीच राहिली, तर त्या दीडपटीला मी मूल्याधारित म्हणणार नाही. रोवणी-निंदणाच्या मजुरीचा आकडा पाकिटावर छापणारी एखादी कंपनी निघाली तर तिचा तांदूळ महाग असूनही घेईन.

आता कापणीनंतरचं. इथून पुढे जरा सावकाश जाऊ, कारण खरा मामला इथे आहे.

शहरातल्या ग्राहकाला सेंद्रियबरोबर विनापॉलिशचा तांदूळ हवा असतो. आरोग्याचा भाग म्हणून ते योग्यच आहे, कारण कोंड्याबरोबर जीवनसत्त्वं आणि तंतू निघून जातात. पण त्याच कोंड्यात तेल असतं. सडल्यावर काही महिन्यांत ते खवट होतं आणि तांदळाला वास सुटतो. पांढरा पॉलिश तांदूळ वर्षभर राहतो, किंबहुना जुना झालेला चांगला मानतात. विनापॉलिशचा तसा राहत नाही. म्हणून तो नोव्हेंबरात एकदम सडून ठेवता येत नाही. धान म्हणूनच ठेवायचं आणि मागणीप्रमाणे दर महिन्याला थोडं थोडं मिलमध्ये न्यायचं. म्हणजे जितका आरोग्यदायी माल, तितकं जास्त दिवस धान सांभाळावं लागतं. धान सांभाळायला दोन गोष्टी लागतात: गोदाम आणि पैसा.

गोदामातलं धान सोंडे आणि पतंग खातात. नेहमीच्या गोदामात यावर ठरलेला इलाज असतो, थप्पीवर ताडपत्री टाकून सल्फासच्या गोळ्यांची धुरी. सेंद्रिय मालाला तो चालत नाही. त्याला हवाबंद पिशव्या किंवा घरच्या कोठ्या-ढोल्या लागतात, धान नीट वाळवलेलं लागतं, आणि अवकाळी पावसात पुंजणे भिजले तर ते धान बाजूला काढायची हिंमत लागते. तीन वर्षं औषध न मारलेलं धान मार्च महिन्यात भाड्याच्या गोदामात एका रात्रीत धुरीखाली येतं, आणि हे करणाऱ्या गोदामवाल्याच्या मनात काही पाप नसतं. तो आपलं काम करतो.

मग मिल. गोंदिया राइस मिलांचं शहर आहे, पण मोठी मिल मोठ्या घाण्याशिवाय परवडत नाही. तिथे दहा-वीस पोती घेऊन गेलं तर मालक तोंडावर नाही म्हणत नाही, थांबवतो. दुपारी कधीतरी मोकळीक मिळते. मशीन तीच. एलिव्हेटरच्या डब्यांत, चाळण्यांवर, शेलरच्या तोंडाशी आधीच्या मालाचे दाणे अडकलेले असतात. रीतसर करायचं तर मशीन बंद करून हवेने साफ करावी, आपला घाणा सकाळी पहिला लावावा, आणि निघालेलं पहिलं पोतं बाजूला ठेवून साधा तांदूळ म्हणून विकावं. त्या एका पोत्यावरचा भावफरक सोसायचा. वीस पोत्यांच्या घाण्यात ते एक पोतं म्हणजे मालाचे पाच टक्के झाले. दोनशे पोत्यांच्या घाण्यात तेच अर्ध्या टक्क्यावर येतं. धंदा मोठा झाला की सचोटी स्वस्त होते अशी ही दुर्मीळ जागा आहे, म्हणून मुद्दाम सांगितली. वाढ म्हणजे नेहमी भेसळच, असं मानणाऱ्यांनी मिलमध्ये एक सकाळ काढावी.

राहिला पैसा. 2025-26 च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये होता. गेली काही वर्षं राज्य सरकार हेक्टरी प्रोत्साहन रक्कमही देतं, लोकांच्या तोंडी तो बोनस. खरेदी केंद्रावर बारदाना संपतो, ऑनलाइन नोंदणी अडकते, चुकारे लांबतात, ही दरवर्षीची रड आहे. तरीही तो भाव म्हणजे जमीन आहे, तिच्यावर शेतकरी उभा राहतो. सेंद्रिय गटाला त्याच्यापेक्षा वर जावंच लागतं. समजा 20 टक्के वर दिले, म्हणजे 2,843 रुपये. मघाचं 224 क्विंटल धान घ्यायला 6 लाख 36 हजारांच्या वर रक्कम झाली. ही रक्कम नोव्हेंबरात हवी. भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई भरते, नाटकं लागतात, लेकी-जावई येतात, उधाऱ्या चुकवायच्या असतात. 'तांदूळ विकला की देतो' हे वाक्य त्या महिन्यात कुणाच्या दारात उभं राहत नाही. शेतकरी मग निम्मं धान गटाला देतो आणि निम्मं व्यापाऱ्याला. पुढे मागणी वाढली की गटाकडे माल कमी पडतो, आणि कमी पडलेला माल कुठून तरी आणून पुरा केला जातो. खोटेपणा असा सुरू होतो. त्याची पहिली पायरी म्हणजे वेळेवर न निघालेला चुकारा.

यावर सरकारी उपाय जुना आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे. शेतकऱ्याने धान बाजार समितीच्या गोदामात ठेवायचं, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम 6 टक्के व्याजाने 180 दिवसांसाठी उचलायची. 224 क्विंटलवर हमीभावाच्या हिशेबाने चार लाखांच्या जवळपास मिळतील आणि सहा महिन्यांचं व्याज बाराएक हजार होईल. सावकाराच्या तुलनेत हे फुकटच. पण तीन अडचणी आहेत. तारण साध्या भावावर मिळतं, सेंद्रियच्या नाही. मुदत मे महिन्यात संपते आणि आपला तांदूळ दिवाळीपर्यंत विकायचा असतो. तिसरी सगळ्यात वाईट: समितीचं गोदाम म्हणजे पुन्हा तीच धुरी. स्वस्त पैसा जिथे आहे तिथे सेंद्रिय धान ठेवता येत नाही. जिथे ठेवता येतं तिथल्या पावतीवर कुणी कर्ज देत नाही. धोरण करणाऱ्यांनी एवढी एक गाठ सोडवली, प्रत्येक धान तालुक्यात एक छोटं धुरीमुक्त तारण गोदाम दिलं, तरी शंभर प्रशिक्षण शिबिरांपेक्षा जास्त काम होईल असं माझं मत आहे.

शेतकरी उत्पादक कंपन्यांकडून बऱ्याच अपेक्षा होत्या. 2020 च्या फेब्रुवारीत केंद्राने दहा हजार कंपन्यांची योजना आणली. त्यात व्यवस्थापनासाठी तीन वर्षांत 18 लाखांपर्यंत आणि सभासदांच्या भागभांडवलाच्या जोडीला 15 लाखांपर्यंत मदत होती. पगार, कार्यालय, लेखापरीक्षण यांची सोय झाली. हंगामात धान उचलायला लागणारं खेळतं भांडवल मात्र यातून भागत नाही. त्यामुळे अनेक कंपन्या खत-बियाण्याचं दुकान चालवतात. सेंद्रियच्या नावाने निघालेली कंपनी युरिया विकते तेव्हा हसू येतं, पण दुकानाचं भाडं त्यावरच निघत असतं.

ज्यांनी धंदा खरोखर वाढवला त्यांच्याकडे आता पाहू. महाराष्ट्रातलं सध्याचं ठळक नाव म्हणजे इंदापूर तालुक्यातल्या भोडणीचे सत्यजित आणि अजिंक्य हांगे. बँकेच्या नोकऱ्या सोडून दोघे भाऊ शेतीत आले, टू ब्रदर्स ऑरगॅनिक फार्म्स उभी केली. तूप, खपली गव्हाचं पीठ, गूळ हे थेट शहरातल्या आणि परदेशातल्या घरांत पोचवलं. 2024 मध्ये नितीन कामथ यांच्या रेनमॅटर या गुंतवणूक संस्थेने आणि इतरांनी 58 कोटींच्या वर, 2025 मध्ये पुढच्या फेरीत 110 कोटी त्यांच्यात गुंतवले. शेतकऱ्याच्या पोरांनी मध्यस्थाला बाजूला सारून हे केलं याचा आनंदच आहे. पण गुंतवणुकीचा पैसा वाट पाहत असतो, त्याला वाढ हवी असते. एका कुटुंबाच्या शेतातून तेवढा माल निघू शकत नाही. तो इतरांकडून येणार, आणि मग सगळी मदार त्या इतरांशी केलेल्या व्यवहारावर. या कंपनीची परीक्षा पुढच्या दहा वर्षांत होईल, आज निकाल लावायचं कारण नाही.

सह्याद्री फार्म्सचा मार्ग वेगळा. विलास शिंदे यांनी नाशिकजवळ मोहाडीला उभी केलेली ही द्राक्ष उत्पादकांची कंपनी. ती सेंद्रिय नव्हे, निर्यातीसाठी रासायनिक अंश काटेकोर सांभाळणारी. कायद्याने उत्पादक कंपनीत बाहेरचा भागधारक घेता येत नाही. त्यांनी काढणीपश्चात कामाची वेगळी उपकंपनी केली आणि 2022 मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांकडून 310 कोटी त्या उपकंपनीत घेतले. शेतकऱ्यांची मूळ कंपनी वर राहिली. पैसा आत घ्यायचा पण घराची किल्ली द्यायची नाही, यासाठी शोधलेली ही वाट आहे. किल्ली कुणाच्या कमरेला आहे, हे भागधारकांच्या यादीत वाचता येतं, जाहिरातीत नाही.

देशपातळीवर काय झालं? लखनौच्या ऑरगॅनिक इंडियाचा व्यवहार 2024 च्या जानेवारीत टाटा कन्झ्युमरने 1,900 कोटींना जाहीर केला. हैदराबादच्या राज सीलम यांनी 2004 मध्ये सुरू केलेला ट्वेंटीफोर मंत्र हा ब्रँड असलेली कंपनी 2025 मध्ये आयटीसीने 472.5 कोटींपर्यंतच्या किमतीला घ्यायचं ठरवलं. वीस वर्षं शेतकऱ्यांबरोबर कष्ट काढलेल्या कंपन्या शेवटी मोठ्या घराण्यांत गेल्या. यात वाईटच होईल असं नाही. मोठ्या घरात गोदाम असतं, पैसा असतो, चुकारा वेळेवर निघू शकतो. धोका दुसराच. अमेरिकेत 2021 च्या ऑगस्टमध्ये डॅनोनने आपल्या होरायझन ऑरगॅनिक दुधासाठी ईशान्येकडच्या 89 सेंद्रिय गोठ्यांशी असलेले करार थांबवण्याची नोटीस दिली. गोठे लहान, विखुरलेले, आणि तिथवर टँकर पाठवायचा खर्च जास्त. त्यातल्या बऱ्याच जणांना पुढे ऑर्गॅनिक व्हॅली या सहकारी संस्थेने सामावून घेतलं. 1988 साली विस्कॉन्सिनमध्ये शेतकऱ्यांनीच काढलेली ही संस्था. दोघांच्या दुधात फरक नव्हता. एका ठिकाणी दूर राहणारा शेतकरी म्हणजे खर्च होता, दुसऱ्या ठिकाणी तो सभासद. सौंदड मुंबईच्या मानाने किती दूर आहे हे सांगायला नको.

आपल्याकडे सहकाराचा कित्ता आंध्र प्रदेशातल्या पूर्वीच्या अनंतपूर जिल्ह्यात सापडतो. टिंबक्टू कलेक्टिव्हच्या कामातून निघालेली धरणी ही सेंद्रिय शेतकऱ्यांची सहकारी संस्था मिलेट, शेंगदाणा गोळा करते, प्रक्रिया करते, विकते, आणि हमी सहभागी पद्धतीची. वाढीचा वेग हेवा वाटावा असा नाही. पण खरेदी, साठवण, प्रक्रिया हे तिन्ही एका छपराखाली आणि सभासदांच्या हाती आहे. नेमकी हीच जागा मी वर दाखवत होतो.

प्रमाणपत्राच्या बाजूलाही हाच धडा उशिरा का होईना घेतला गेला. कागदावर शेतकऱ्यांचा गट, पण प्रमाणपत्र व्यापाऱ्याच्या नावावर, अशी रीत वर्षानुवर्षं चालली. भारतीय सेंद्रिय मालाची परदेशात पत घसरली. 2021 मध्ये अमेरिकेने अपेडाच्या मान्यतेवर विसंबणं बंद करायचं ठरवलं. 2025 च्या जानेवारीत राष्ट्रीय कार्यक्रमाची नवी नियमावली आली, तिने शेतकरी गट स्वतः कायदेशीर संस्था असावा अशी अट आणली. आता प्रमाणपत्र ज्याचं धान त्याचं, निदान कागदावर तरी.

ग्राहकाकडेही बोट करायला हवं. नागपूरच्या बीजोत्सवासारख्या ठिकाणी येणारा ग्राहक शेतकऱ्याशी बोलतो, वाण विचारतो. पण मोठा बाजार शब्दांवर चालतो. 2024 च्या ऑगस्टमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दूध-तुपाच्या पाकिटांवरचे ए-वन, ए-टू हे दावे काढायला सांगितले आणि पाचच दिवसांत तो आदेश मागे घेतला. त्यातून धडा एवढाच की दाव्यावर उभा केलेला भाव एका परिपत्रकाने हलतो. मधुमेह बरा करणारा, कर्करोग टाळणारा तांदूळ असं काही सौंदडच्या पाकिटावर येऊ नये. 'विनापॉलिश, अमुक महिन्यात सडलेला, अमुक तलावाखालचा' एवढं लिहिलं तरी पुरे, कारण ते तपासता येतं.

तपासता येण्याजोगी आणखी एक खूण गोंदियाकडे आहे, जी महाराष्ट्रात जवळपास कुणाकडेच नाही. सारस. राज्यात हा पक्षी मुख्यत्वे याच जिल्ह्यात उरला, गेल्या काही वर्षांतल्या गणनांत मोजकेच पक्षी दिसले. सारस उभ्या धानात घरटं घालतो, थोडं धान तुडवतो, आणि औषधी फवारणीचा धोका त्याला थेट असतो. जपानमध्ये तोयोओका शहराने हाच प्रसंग अनुभवला. तिथला शेवटचा रानटी करकोचा 1971 मध्ये गेला. पुढे पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी 2005 मध्ये सोडले, आणि ते जगावेत म्हणून शेतकऱ्यांनी औषधं कमी केली, काहींनी सोडली, हिवाळ्यातही बांध्यांत पाणी ठेवलं. तो तांदूळ करकोच्याच्या नावाने जास्त भावात जातो. कंबोडियात 2009 पासून आयबिस राइस याच तत्त्वावर चालतो. गोंदियात सारसाची घरटी राखणारे शेतकरी आहेत, स्वयंसेवक आहेत, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून विषय हाती घेतलेला आहे. सारसाच्या नावाने विकला जाणारा तांदूळ मात्र अजून माझ्या पाहण्यात नाही. शिक्क्यापेक्षा घरटं मोजणं सोपं.

सौंदडसारख्या गावात उद्या कुणी हे करायला बसलं तर पहिला खर्च कशावर करावा? पाकिटाच्या डिझाइनवर नको, वेबसाइटवर नको. एका तलावाखालच्या जमिनीपुरतं गोदाम, हवाबंद पिशव्या, आणि गावातली छोटी शेलर मिल. राज्याच्या स्मार्ट प्रकल्पात उत्पादक कंपन्यांना अशा उभारणीसाठी साठ टक्क्यांपर्यंत अनुदान मिळालेलं आहे, त्यामुळे यंत्र आणणं अशक्य नाही. ते चालवणं अवघड. सव्वादोनशे क्विंटल सेंद्रिय धानावर मिल वर्षात मोजके दिवस फिरेल. विजेचं बिल आणि ऑपरेटरचा पगार बारा महिने लागेल. तो काढायला गावातलं साधं धान भरडाईला घ्यावंच लागेल, नाहीतर दुसऱ्या वर्षी मिलला कुलूप. आणि साधं धान आलं की पुन्हा तेच एलिव्हेटरचे डबे, तीच साफसफाई, तेच पहिलं पोतं. म्हणजे मिलच्या दारावर वार लिहून ठेवावे लागतील. सेंद्रियचा घाणा कोणत्या वारी, साधा कोणत्या वारी, त्या दिवशी मशीन कुणी साफ केली, पहिलं पोतं कुणी बाजूला काढलं आणि ते काय भावाने गेलं. वही ऑपरेटरकडे राहील की गटातल्या बायकांकडे, हे पहिल्याच सभेत ठरवून घेतलेलं बरं. मी बायकांकडे द्या म्हणेन. निंदण त्यांनीच केलेलं असतं, तण किती काढलं ते त्यांना पाठ आहे.